पुन्हा पुन्हा तपासणं : काळजी की ओसीडी?

चाकणला पहिल्या पाळीला जाणारा माणूस गॅस बंद आहे ना, हे दोनदा पाहतो आणि कंपनीची बस पकडतो. ही झाली काळजी. पण दहा वेळा पाहूनही खात्री पटत नाही, जिन्यातून परत यावं लागतं, बस चुकते, तेव्हा तो ओसीडी म्हणजेच मंत्रचळ असू शकतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हा आजार सुमारे ०.८ टक्के प्रौढांमध्ये आढळला.

नेमकं काय होतं?
गॅस चालू राहिला, हाताला जंतू लागले, माझ्या हातून कुणाला इजा होईल, असे नकोसे विचार मनात घुसतात. असा विचार आला म्हणजे माणूस तसं करेल, असं नाही. भीती घालवण्यासाठी तो तपासतो, हात धुतो, मनात आकडे मोजतो. थोडा वेळ बरं वाटतं आणि त्यामुळेच ती कृती पक्की होत जाते. हे अतिरेकी आहे, हे बहुतेक रुग्णांना कळत असतं. म्हणून ‘विचार करू नकोस’ असं सांगून उपयोग होत नाही.

उपचार
एसएसआरआय गटातल्या गोळ्या अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त डोसमध्ये द्याव्या लागतात. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. गोळ्या मनाने बंद करू नका. पाळी बदलत असेल तर डॉक्टरांना सांगा, म्हणजे गोळीची वेळ ठरवता येते.

दुसरा उपचार म्हणजे ईआरपी. त्यात भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि कृती टाळायची. उदाहरणार्थ, गॅस एकदाच पाहून निघायचं. अस्वस्थता वाढते, पण कृती न करताही ती हळूहळू उतरते, हे मेंदू शिकतो. या पद्धतीचा पाया १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी घातला.

घरच्यांनी काय करावं?
‘हो, बंद केलाय’ असं दर वेळी सांगणं प्रेमापोटी असतं, पण त्यानेही आजाराला खतपाणी मिळतं. मात्र हे एकदम थांबवू नका आणि रागावू नका. उपचार करणाऱ्यांशी ठरवून कमी करा. ‘तुला भीती वाटतेय, मी सोबत आहे, पण पुन्हा उत्तर देणार नाही,’ असं शांतपणे म्हणा.

रोज तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल किंवा काम, झोप, नाती बिघडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास बोलता येतं. आत्महत्येचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी मदत घ्या.