पुसलेले पत्ते जातात कोठे?

घोडपदेव, लालबाग, माझगाव अशा भागातील एखादी जुनी चाळ तुम्ही पाहिली असेल. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर एक फलक असतो. त्यावर भाडेकरूंची नावे आणि त्यांपुढे खोल्यांचे क्रमांक रंगवलेले असतात. नवा पोस्टमन आला की आधी ह्या फलकाकडे पाहतो आणि मग नेमका मजला चढतो. समजा, कोणी रात्रीतून फलकावरील ‘खोली क्रमांक २३’ ह्यापुढचे नाव पांढऱ्या रंगाने पुसून टाकले. पोस्टमनच्या दृष्टीने ते कुटुंब नाहीसे झाले. पण खोलीत काय चालले आहे? चहा उकळतो आहे, नळाला पाणी आले म्हणून हंडे भरले जात आहेत. बिऱ्हाड जागच्या जागीच आहे!

संगणकातील एखादी फाइल आपण ‘पुसतो’ तेव्हा बहुधा एवढेच घडते. फलकावरचे नाव जाते, खोली तशीच राहते. ई-मेलच्या आज्ञावलीतील पत्त्यांचे पुस्तक ही देखील अखेर एक फाइलच असते. ते हरवले की माणसे कपाळाला हात लावतात. परंतु हरवले म्हणजे नेमके काय झाले, हे आधी पाहिले तर पुष्कळदा ते परत मिळू शकते. कसे, ते आज आपण पाहू.

पेन ड्राइव्हवर अजूनही सर्रास वापरली जाणारी ‘फॅट’ नावाची मांडणी घ्या. तिच्यात फाइल पुसली की फाइलच्या नावाचे पहिले अक्षर काढून तेथे २२९ हा सांकेतिक अंक लिहिला जातो, आणि फाइलने अडवलेल्या जागांपुढे ‘रिकामी’ अशी खूण होते. आतल्या मजकुराला कोणी हातही लावत नाही. १९९१ साली आलेल्या डॉस प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ नावाची आज्ञा होती. पुसलेली फाइल परत आणताना ती वापरणाऱ्यालाच विचारी, ‘नावाचे पहिले अक्षर कोणते होते?’ बिचारीजवळ बाकी सर्व शिल्लक होते, तेवढे एक अक्षर तेवढे गेलेले!

असे अर्धवट पुसण्याचे कारण काय बरे? तुम्ही स्वतः अनुभवलेली एक गोष्ट आठवा. एखादा चित्रपट पेन ड्राइव्हवर उतरवायला काही मिनिटे लागतात, पण तो पुसायला क्षणही लागत नाही. संगणकाच्या फिरत्या तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो. त्यातील सूक्ष्म ठिपक्यांच्या चुंबकत्वाची दिशा उलटसुलट करून शून्य आणि एक लिहिले जातात; एका मिलिमीटरच्या लांबीत असे हजारो ठिपके मावतात. खरोखर पुसायचे तर ह्या प्रत्येक ठिपक्यावरून लेखणी पुन्हा फिरवावी लागेल, म्हणजे लिहिण्याइतकाच वेळ जाईल. तेव्हा संगणक काटकसर करतो. जागा मोकळी आहे असे जाहीर करतो आणि नवा भाडेकरू येईपर्यंत जुना तसाच राहू देतो. नव्याने आपली खाट आत आणली, की मात्र जुना खरोखरच बाहेर पडतो.

अलीकडच्या बहुतेक संगणकांत फिरती तबकडी नसते, चिप असते. तिच्यात विद्युत्‌रोधकाने वेढलेल्या कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून माहिती साठवतात. ह्या चिपची एक अडचण आहे. भरलेल्या कप्प्यावर थेट लिहिता येत नाही. आधी कप्प्यांचा सबंध गट एकदम रिता करावा लागतो. ऐन वेळी खोळंबा नको म्हणून संगणक ‘ट्रिम’ नावाच्या सूचनेने चिपला आगाऊ कळवतो की ह्या जागा आता नको आहेत. मग चिप सवडीने त्या धुऊन टाकते. विंडोज ७ ही प्रणाली २००९ साली आली, तेव्हापासून ही सोय त्या संगणकांत आहे. म्हणजे येथे फलकावरचे नाव पुसले, की पाठोपाठ झाडूवाला दार ठोठावतो! पेन ड्राइव्हही चिपचाच, पण त्याला ही सूचना सहसा दिली जात नाही.

चाळीची यादी

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. भायखळा आणि कॉटन ग्रीन यांच्या मध्ये जे घोडपदेव वसले आहे, तेथील एका चाळीची ही हकिकत. पुनर्बांधणीसाठी चाळ रिकामी झाली होती. ८४ बिऱ्हाडे पांगली. कोणी संक्रमण शिबिरात, कोणी डोंबिवली-विरारला भाड्याच्या जागेत, कोणी थेट कोकणात गावी. सभेची सूचना, नकाशे, करारनाम्याचा मसुदा हे सारे ई-मेलने जाई, आणि सर्वांचे पत्ते चाळीच्या चिटणीसांच्या घरच्या संगणकात होते. संगणक मंदावला म्हणून कोणा ओळखीच्याने ई-मेलची आज्ञावली काढून पुन्हा घातली. उघडून पाहतात तो पत्त्यांचे पुस्तक कोरे! सभा तीन आठवड्यांवर आलेली. ज्याला सूचना पोचणार नाही तो घराच्या प्रश्नावर मत मांडायला येणार तरी कसा?

“सर, अहो, अख्खी चाळ पुसली गेली की!” चिटणीस मला फोनवर म्हणाले.

“काका, आधी तो संगणक बंद करा,” मी म्हणालो. “त्यावर काहीही नवे उतरवू नका.”

ही सूचना तुम्हीही ध्यानात ठेवा. कारण तुम्हांला आता कळलेलेच आहे : प्रत्येक नवी फाइल हा संभाव्य भाडेकरू असतो. पुष्कळ लोक घाईघाईने ‘हरवलेल्या फायली परत आणणारी’ आज्ञावली त्याच संगणकावर उतरवतात, आणि नेमकी तीच हरवलेल्या पत्त्यांच्या जागी जाऊन बसते. अशी आज्ञावली दुसऱ्या संगणकावर ठेवावी, आणि हरवलेली तबकडी त्याला जोडून फक्त वाचावी.

पण इतक्या थराला जाण्यापूर्वी एक साधी शंका घेऊन पाहावी. फाइल पुसली गेली आहे, की आज्ञावलीच भलत्या खोलीचे दार ठोठावते आहे? काकांकडे ‘थंडरबर्ड’ ही आज्ञावली होती. ती आपला सगळा संसार, म्हणजे पत्रे, पत्ते, आवडीनिवडी, ‘प्रोफाइल’ नावाच्या एका कप्प्यात ठेवते. आज्ञावली काढून टाकली तरी हा कप्पा सहसा मागे राहतो. नव्याने घातलेली आज्ञावली मात्र कित्येकदा नवा कोरा कप्पा उघडून बसते आणि भोळेपणाने सांगते की येथे कोणी राहत नाही. आम्ही शोधले तेव्हा जुना कप्पा शेजारीच होता. त्यात ‘ॲबुक’ नावाची फाइल होती, आणि तिच्यात ८१ पत्ते. आज्ञावलीला जुना कप्पा दाखवून दिला. अर्ध्या तासाचे काम!

उरले तीन. ह्या तिघांनी मला अधिक शिकवले.

त्यांपैकी दोघांची नावे काकांनी स्वतःच काढली होती. चाळीत एकाच आडनावाची, एकाच आद्याक्षरांची माणसे होती. नोंद दोनदा झाली असे समजून त्यांनी एकेक काढून टाकली. तिसऱ्याची नोंद मुळात झालीच नव्हती. काकांनी पूर्वी यादीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली होती. ती पुढे पुसून गणपतीसाठी त्यावर आरत्या आणि भजने भरली. तो ड्राइव्ह आम्ही तपासला. नाव सापडले, पण आत सनई वाजत होती. नवा भाडेकरू राहायला आला होता, तेथे इलाज नाही.

पत्राच्या कपाळावर

मग राहिली पत्रे. आणि मला विचाराल तर पत्त्यांचे खरे पुस्तक तीच. ई-मेलच्या वरच्या भागात कोणाकडून ही ओळ असतेच, आणि बहुधा कोणाला, प्रत आणखी कोणाला, ह्या ओळीही असतात. ह्या ओळींची रीत ‘आरएफसी ८२२’ नावाच्या मसुद्याने ऑगस्ट १९८२ मध्ये बांधून दिली. (त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता; घोडपदेवला त्या साली पत्रे यायची ती पोस्टकार्डेच.) पुढे त्या मसुद्यात सुधारणा झाल्या, पण ओळी त्याच राहिल्या.

थंडरबर्ड एका कप्प्यातील सारी पत्रे सामान्यतः एकाच लांबलचक मजकूर-फाइलमध्ये एकाखाली एक लिहिते. पुसलेल्या पत्रावरही ती फक्त खूण करते. ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा होईपर्यंत त्याचा मजकूर फाइलमध्ये तसाच पडून असतो. आम्ही त्या फाइलची प्रत काढली, ती साध्या नोटपॅडसारख्या आज्ञावलीत उघडली आणि ‘टू’ व ‘सीसी’ ह्या ओळी तेवढ्या वेगळ्या केल्या. काढून टाकलेल्या दोघांपैकी एक लगेच सापडला. तिसरे गृहस्थ शेजाऱ्याच्या एका जुन्या पत्रात ‘प्रत यांना’ ह्या ओळीत गुपचूप बसले होते. दुसरा मात्र दिसेना. त्याचे नाव कोठेच नव्हते.

नाव होते, पण देवनागरीत होते! येथे मोठी गंमत आहे. ई-मेलची जुनी रीत फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि थोडीशी चिन्हे ओळखते. देवनागरी अक्षर संगणकात तीन अंकांनी लिहिले जाते (प्रत्येक अंक ० ते २५५ मधील). हे तीन अंक पत्राच्या वरच्या ओळीत पाठवताना चार साध्या चिन्हांत रूपांतरित करतात. म्हणजे ‘गणपत’ ह्या चार अक्षरांच्या नावाची सोळा चिन्हांची अगम्य माळ होते. पण पूर्ण अगम्य नव्हे! देवनागरीच्या अंकांपैकी पहिले दोन जवळजवळ ठरलेले असल्यामुळे चारांपैकी पहिली तीन चिन्हेही ठरलेली असतात : व्यंजनांसाठी ‘४ के एस’, आणि वेलांट्यांतील दीर्घ, उकार, मात्रा, पायमोडके चिन्ह यांसाठी ‘४ के डब्ल्यू’. आम्ही फाइलमध्ये ‘४ के एस’ शोधले. दुसरा सापडला, शिवाय ज्यांची नावे देवनागरीत होती असे इतरही आठ-दहा जण उजळणीसाठी हजर झाले.

ज्यांचे पत्ते स्वतःच्या संगणकावर नसून जीमेलसारख्या सेवेकडे असतात, त्यांचे काय? तेथे वाट सोपी आहे, पण मुदतीची. गुगलच्या पत्त्यांच्या पुस्तकात गेल्या ३० दिवसांतील कोणत्याही क्षणाची स्थिती परत आणता येते. एकतिसाव्या दिवशी नाही. आणि एक घोटाळा टाळा. फोन व संगणक यांतील याद्या आपोआप एकसारख्या राहतात, याला पुष्कळ जण जादा प्रत समजतात. ती जादा प्रत नव्हे. फोनमध्ये नाव पुसले की तेच पुसणे इमानेइतबारे संगणकातही पोचते. जादा प्रत म्हणजे मूळ यादीशी तार तोडलेली प्रत. पत्ते ‘व्हीकार्ड’ फाइलच्या रूपाने बाहेर काढून ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली, की झाले; आरत्या दुसऱ्या ड्राइव्हवर भराव्यात.

तर ८४ पत्ते जमले, सूचना गेली, आणि सहा पत्रे परत आली. परत येणाऱ्या ई-मेलवर एक तीन अंकी क्रमांक असतो. तो ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती असते; ५ ने सुरू झाला तर कायमची. एकाचा क्रमांक ४ ने सुरू होणारा होता, ते पत्र दोन दिवसांनी पोचले. उरलेल्या पाचांवर ५५० होता, म्हणजे त्या पत्त्यावर आता कोणी नाही. त्यांतला एक तर विदेश संचार निगमच्या काळातला होता. ह्या निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाच्या ‘शेल’ खात्यांत ‘पाइन’ ह्या आज्ञावलीतून नुसत्या अक्षरांचीच पत्रे लिहीत, आणि पत्त्यांचे पुस्तकही घरी नसून सेवा देणाऱ्याच्या संगणकावर असे. खाते गेले की पुस्तकही गेले. आजही दोन वर्षे न वापरलेली खाती गुगल काढून टाकू शकते, तेव्हा आजोबांचे खाते अधूनमधून उघडत जा.

ते पाच जण कसे शोधले म्हणता? काकांनी यादी घेऊन चाळीतल्या जुन्या मंडळींना फोन केले. चार संध्याकाळपर्यंत मिळाले. पाचवे गुहागरजवळच्या गावी होते. त्यांना पोस्टाने रजिस्टर पत्र गेले, आणि सभेला ते सर्वांच्या आधी येऊन बसले होते.

हे करून पहा : संगणकावर तुमच्या ई-मेल खात्यात पाठवणाऱ्याचे नाव देवनागरीत लिहा आणि स्वतःलाच एक पत्र पाठवा. आलेल्या पत्राचे मूळ रूप दाखवणारी आज्ञा निवडा (जीमेलमध्ये ती तीन ठिपक्यांच्या यादीत असते) आणि ‘फ्रॉम’ ही ओळ शोधा. ‘४ के एस’ दिसते का? जोडाक्षरातील पायमोडके चिन्ह आणि काना-मात्रा हीही स्वतंत्र अक्षरे धरतात, हे लक्षात ठेवून सांगा, ‘ज्ञानेश्वर’ ह्या नावाला किती चिन्हे लागतील?

(उत्तर : ४०)