चालवायची की मिरवायची?

पोर्चमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली मोटारसायकल पंधरा हजारांच्या आत पुन्हा रस्त्यावर येऊ शकते? येते! काही रविवार, थोडा धीर आणि हात काळे करून घ्यायची तयारी, एवढंच भांडवल लागतं.

रविवारची सकाळ. मित्रमंडळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जमलेली, तुमचा मोबाईल वाजून वाजून थकलेला आणि तुम्ही पोर्चमध्ये उकिडवे बसलेले. हातात दहा-बाराचा पाना, नखांत ग्रीस, समोर गंजलेला एक नट, जो काही केल्या हलत नाही. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीटमध्ये डोकं घालणाऱ्या माणसाला हे सुचावं? मला सुचलं. आणि खरं सांगतो, गेल्या काही वर्षांत इतका मस्त टाइमपास केला नव्हता.

गाडी बाबांची. हिरो होंडा सीडी १००, मॉडेल १९९१. ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही या गाडीची जाहिरात घरोघरी पाठ होती. लिटरला ८० किलोमीटरचा दावा आणि मध्यमवर्गीय बाबालोक खूष. आमचे बाबा रोज संध्याकाळी गेटवर आले की दोनदा हॉर्न वाजवायचे. तेवढ्यावर आई चहाचं आधण ठेवायची. २०१४ साली बाबा गेले आणि गाडी पोर्चमध्येच राहिली. जाहिरातीतला शेवटचा शब्द आम्ही जरा जास्तच मनावर घेतला!

मागच्या वर्षी भंगारवाला दारात उभा राहिला. आई म्हणाली, “देऊन टाक. जागा अडवून राहिली नुसती.” मी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून त्याला कटवलं आणि मोहल्ल्यातल्या मिस्त्रीकाकांना गाठलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर थाप मारून धूळ उडवली आणि एकच प्रश्न विचारला.

“पहिले हे सांग बाबू, गाडी चालवाची हाय का मिरवाची हाय? चालवाची असन तं पंधरा हजारात होते. मिरवाची असन तं पन्नासही कमी पडते.”

बजेटमधल्या रिस्टोरेशनचं सगळं शास्त्र या प्रश्नात आहे. उत्तर आधी ठरवा, मगच खिशात हात घाला.

कोणती गाडी घ्याल?

घरात जुनी गाडी असेल तर प्रश्नच मिटला. विकत घेणार असाल तर मात्र जरा थांबा. १९८५च्या आसपास आपल्या रस्त्यांवर १०० सीसीची लाट आली. हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, इंड-सुझुकी, कावासाकी बजाज या सगळ्या त्याच लाटेतल्या. यात आरएक्स १०० म्हणजे पोरांचा जीव की प्राण. पण १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं आणि आज तिच्या नावावर विक्रेते वाट्टेल ती किंमत सांगतात. येझदीचंही तसंच. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ सालीच बंद झाला. २०२२मध्ये येझदी नाव पुन्हा बाजारात आलं खरं, पण ती गाडी वेगळी. तिचे पार्ट जुन्या येझदीला कसे चालणार?

सीडी १०० दिसायला साधी, पण बजेटवाल्यांसाठी हिरा. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं इंजिन १९९४ साली स्प्लेंडरमध्ये आलं. स्प्लेंडर गल्लोगल्ली, त्यामुळे कितीतरी पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळून जातात. गाडी निवडताना मनाआधी पार्टवाल्या दुकानदाराला विचारा. पैसे तिथेच वाचतात.

आधी कागद, मग पाना

गाडी पंधरा वर्षांची झाली की थेट भंगार, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे खासगी गाडीचं तसं नाही. पहिलं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी ते वाढवता येतं. वीस वर्षांवरच्या मोटारसायकलसाठी ऑगस्ट २०२५पासून ही फी २,००० रुपये आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा आणि उशीर झाला असेल तर दर महिन्याचा दंडही वेगळा. आमच्या गाडीची मुदत २०१६मध्येच संपली होती. म्हणजे विचार करा!

गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत तयार ठेवा. नियमाप्रमाणे हे तीन महिन्यांत व्हायला हवं, आपण बहुतेक जण वर्षं घालवतो. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही सक्तीची आहे.

आरसी हातात नाही आणि चेसिस नंबर वाचता येत नाही, अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घरच्या गाडीचा चेसिस नंबरही गंज काढण्याच्या भरात घासून टाकू नका. आरटीओत तो तपासतात.

किक मारू नका!

गाडी पुसली की पहिला मोह होतो किक मारायचा. आवरा. बरीच वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंग सिलिंडरला चिकटून बसलेल्या असू शकतात. जोर केलात तर पाचशेचं काम पाच हजारांवर जातं.

प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी किक हातानेच हळू दाबून पाहा. इंजिन मोकळं फिरलं की अर्धी लढाई जिंकली. मग जुनं ऑइल काढून नवं भरा. नवा प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनच्या धातूला टेकवा आणि किक मारून पाहा. निळी ठिणगी दिसली की करंट आहे. ही तपासणी करताना पेट्रोलची टाकी आणि डबा लांब ठेवा, म्हणजे ठिणगी तिच्या जागीच राहील!

आमच्या गाडीला करंट नव्हता. हेडलाइट उघडला तर आत उंदरांचं अख्खं बिऱ्हाड. वायरिंग कुरतडून गादी केलेली. जोड देत बसण्यापेक्षा नवा वायरिंग सेट आणि फ्यूज बसवला. बॅटरी घेण्याआधी गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, हे जरूर पाहा.

टाकी, कार्ब्युरेटर आणि नागपूरचं ऊन

जुनं पेट्रोल वाळून कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखं साचतं आणि जेटची भोकं बुजवतं. ‘गाडी स्टार्टच होत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. कार्ब्युरेटर खोला, क्लीनरने धुवा, जेट साफ करायला वायरमधली तांब्याची बारीक तार वापरा. सुई घातलीत तर भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते.

टाकीतल्या गंजावर किराणा दुकानात औषध आहे. लिंबूसत! टाकी गाडीवरून उतरवा, साबणाच्या पाण्याने धुवा, कॉक काढून भोक बंद करा आणि कोमट पाण्यात लिंबूसत विरघळवून टाकी काठोकाठ भरा. एक दिवसाने ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खंगाळा आणि लगेच वाळवा. या कामाला नागपूरच्या उन्हासारखा मदतनीस नाही. एप्रिल-मेमध्ये टाकी बघता बघता खडखडीत. मग आतून थोडं ऑइल फिरवा, नाहीतर गंज पुन्हा धरतो.

पण हेच ऊन रबराचं वैरी. आमच्या टायरला बाहेरून नक्षी दिसत होती, जवळून पाहिलं तर भेगा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर दिसायला नवा असला तरी फेकाच. पेट्रोलचा पाइपही बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओलावाही ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

आणि एक. उकाडा होतो म्हणून कूलरसमोर बसून पेट्रोलचं काम करू नका. मोटरची एक ठिणगी पुरे. पेट्रोल उघड्यावर, काडीपेटी आणि सिगारेट घरात.

घरी काय, बाहेर काय?

प्रत्येक नट काढण्याआधी मोबाईलवर फोटो आणि काढलेला नट नाव लिहिलेल्या पिशवीत. ही सवय लावलीत तर केबल, ब्रेक शूज, चेन, प्लग, कार्ब्युरेटर, वायरिंग, सीट, सगळं घरी होतं. सीडी १००ची चेन पूर्ण कव्हरमध्ये असल्याने ती बरी असेल असं मला वाटलं होतं. कव्हर उघडलं तर आत ग्रीस आणि मातीचा नुसता चिखल.

इंजिन खोलणं, स्पोक ताणून चाक सरळ करणं आणि वेल्डिंग, ही कामं मात्र जाणकाराकडेच द्या. आमचं इंजिन सुरू झालं तेव्हा निळसर धूर सोडत होतं, म्हणजे ऑइल जळत होतं. काकांनी सिलिंडर मोजला. झीज मर्यादेत निघाली, बोरिंग वाचलं, रिंग आणि व्हॉल्व्हच्या कामावर भागलं.

रंग? थांबा!

बजेट सगळ्यात जास्त वाहून जातं ते रंग आणि क्रोममध्ये. ब्रेक धड नाहीत आणि टाकी आरशासारखी, अशा गाड्या मी पाहिल्यात. आधी थांबेल अशी करा, मग धावेल अशी, चमकेल अशी सगळ्यात शेवटी. रंगाची छटाच बदलणार असाल तर आरसीवरही नोंद करावी लागते, हे ध्यानात ठेवा.

मी रंग काढलाच नाही. रबिंग कंपाउंड घासून घासून जुना काळा रंग वर आणला. टाकीच्या डाव्या बाजूला एक पोचा आहे. दहावीत असताना बाबांना न विचारता गाडी काढली होती आणि गल्लीच्या वळणावर पडलो होतो. बाबांनी पोचा पाहिला, माझा खरचटलेला गुडघा पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. पुढेही कधी तो काढला नाही. आता काकांनी विचारलं, “ठोकून देऊ का?” म्हटलं, राहू द्या.

अकराव्या रविवारी धूर न सोडता इंजिन एका लयीत चालू लागलं. तो आवाज ऐकून आई हात पुसत बाहेर आली. बराच वेळ गाडीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “हॉर्न वाजते का?”

“वाजतो.”

“मग दोनदा वाजव.”

कागद हातात आले त्या दिवशी संध्याकाळी फुटाळ्यापर्यंत चक्कर मारून आलो. वेग ताशी ४०. पाचपन्नास गाड्या ओव्हरटेक करून गेल्या. जाऊ देत!

खिशाचा हिशेब (माझ्या वहीतून, रुपयांत)

इंजिन (रिंग, व्हॉल्व्ह, गास्केट, मजुरी): ३,९००
टायर-ट्यूब, दोन्ही चाकं: ३,४००
पाने, स्क्रू-ड्रायव्हर, प्लग पाना: १,५००
बॅटरी: १,१००
चेन-स्प्रॉकेट: ९५०
वायरिंग आणि फ्यूज: ८५०
ऑइल, प्लग, फिल्टर, पेट्रोल पाइप: ८००
सगळ्या केबल: ५२०
सीट कव्हर: ४५०
ब्रेक शूज: ३६०
कार्ब्युरेटर किट: २५०
एकूण: १४,०८०

आरटीओचा खर्च वेगळा. लिंबूसत आणि खाण्याचा सोडा आईच्या किराण्याच्या यादीत!