राखणदारच जेव्हा चोराला वाट दाखवतो

शेताला राखणदार ठेवावा आणि त्यानेच रात्री चोराला कुंपणाची फट दाखवावी, असा प्रकार आपल्या शरीरातही घडतो.

पांढऱ्या पेशींच्या कुळात मोठ्या भक्षकपेशी असतात. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली तारामाशाच्या पिल्लाला गुलाबाचा काटा टोचला, तेव्हा अशा पेशी काट्याभोवती जमलेल्या त्यांना दिसल्या. जंतू गिळणे हे त्यांचे काम. पण जखम भरून आणणे हेही त्यांचेच काम आहे. मेलेले मांस साफ करायचे, नव्या रक्तवाहिन्या फुटू द्यायच्या, कोवळ्या पेशींना वाढीचा खुराक पुरवायचा.

कर्करोगाची गाठ याच चांगुलपणाचा फायदा घेते. न भरणाऱ्या जखमेसारखी ती या पेशींना बोलावत राहते. त्या येतात आणि गाठीलाच खुराक देऊ लागतात. पुढे त्या रक्तवाहिनीकडे सरकतात, मागोमाग कर्कपेशी जातात, आणि वाहिनीची भिंत ओलांडायला त्यांना मदत मिळते. २००१ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. भक्षकपेशींना बोलावणारा रस ज्या उंदरांत नव्हता, त्यांच्यातही गाठ वाढली. पण ती फुप्फुसात पसरण्याचे प्रमाण फार घटले.

रक्तात पडलेली प्रत्येक कर्कपेशी रुजत नाही. बहुतेक मरतात. लंडनचे डॉ. पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात वारंवार आढळला, प्लीहेत क्वचित. बी आणि जमीन यांचे जमावे लागते, असे त्यांनी म्हटले. रब्बी ज्वारी काळ्या रानात डोलते आणि मुरमाड माळावर करपते, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ बाटल्या बाजारात पुष्कळ. कर्करोगात त्यांच्यावर विसंबू नये. तिथे राखणदार कमी पडतात एवढेच नसते, काही फितूर झालेले असतात. पेशींना नीट शिकवून परत पाठवण्याची खरी विद्या वेगळी आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून तयार केलेल्या अशा उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र तो काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांपुरताच आहे.

इतर गाठींत, पेशी रक्तात उतरण्याआधी गाठ सापडणे फार मोलाचे. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून सोडू नये. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर डॉक्टरला दाखवावा. निंबर्ग्याच्या लोकांना त्यासाठी बंगळूर गाठायला नको. किदवाई संस्थेचे केंद्र कलबुर्गीतच आहे.