अँटवर्पचा चौथा क्रमांक

1920 साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले व तेथून हिंदुस्थानचे पथक रिक्त हस्ते परतले. या पथकाविषयी बहुधा एवढेच सांगितले जाते. परंतु शेवटची शिल्लक तेवढी पाहून जो वही मिटतो, त्यास धंद्याचे मर्म कळत नाही. त्या वहीची आतली पाने वाचण्यासारखी आहेत.

त्या वेळी देश परतंत्र होता व ऑलिंपिकचे काम पाहणारी राष्ट्रीय संस्थाही नव्हती. ती पुढे 1927 साली निघाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे गडी सर दोराबजी टाटा यांनी पाहिले आणि हे लोक जगापुढे गेलेच पाहिजेत असे त्यांच्या मनाने घेतले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्यामार्फत प्रवेशाची खटपट झाली. खर्चास दोराबजींची पदरमोड व वर्गणी यांचा आधार मिळाला.

फळ काय मिळाले? बेळगावकडील फडेप्पा चौगुले यांनी 42.75 किलोमीटरांची मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्यांचे सोबती सदाशिव दातार यांस ती अर्ध्यावर सोडावी लागली. मल्ल रणधीर शिंदे यांनी इंग्लंडच्या इनमन यास हरविले, अमेरिकेच्या गेर्सनपुढे ते हटले आणि कांस्यपदकाची कुस्ती इंग्लंडच्या बर्नार्डने जिंकल्यामुळे चौथे राहिले.

चौथा क्रमांक ही दुर्बलांची कमाई नव्हे. शरीरसामर्थ्य आमच्या लोकांत नाही, हा आक्षेप शिंदे यांनी त्याच दिवशी खोटा पाडला. उणीव होती ती तयारीची. आमचा मल्ल तांबड्या मातीत वाढलेला. तेथे कुस्ती गादीवर, परक्या नियमांनी व पंचांच्या निर्णयाने व्हावयाची. गादीची सवय नसेल तर नुसते बळ काय करील?

या प्रश्नाचे उत्तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी दिले. 1948 साली लंडनास ते सहावे आले. नियम व गादी समजून घेतल्यावर 1952 साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक होय. मात्र त्यांच्या प्रवासासाठीही वर्गणी फिरवावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकले. 32 वर्षे लोटली तरी खर्चाची तऱ्हा तीच!

जत्रेतील फडावर इनामे लावणारे उदार व्यापारी आमच्या गावोगावी आहेत. जिंकलेल्यास फेटा बांधणे चांगलेच. परंतु त्या इनामांतील चौथा हिस्सा गावच्या तालमीत गादी व जाणता वस्ताद आणण्यासाठी त्यांनी दरसाल बाजूस काढावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. जिंकून आल्यावर सत्कार करणारे पुष्कळ मिळतात. जाण्यापूर्वी पाठीशी उभा राहील तोच खरा क्रीडाप्रेमी.