मोबाईलमध्ये धरणाची खोली नको, तळ लिहून ठेवा

भिवंडी : पाऊस संपल्यावर धरणात एका जागी मासे चांगले लागले, म्हणून त्या जागेची खूण मोबाईलच्या नकाशात करून ठेवली. मे महिन्यात तीच खूण उघडून होडी त्या बाजूला हाणली, तर खूण पाण्यात नाहीच. काठावरच्या भेगा पडलेल्या चिखलात. असं झालं की माणूस म्हणतो जीपीएस फसवतो. जीपीएस फसवत नाही, जागा तीच असते. पाणी खाली गेलेलं असतं.

आपल्या भिवंडी, शहापूर, वाडा भागात आता जाळं टाकणाऱ्या बहुतेकांच्या खिशात स्मार्टफोन आहे. काही जण जीपीएस असलेला फिश फाइंडरही घ्यायचा विचार करतात आणि त्याच्यात धरणाचा नकाशा येतो का, असं विचारतात. पैसे घालण्याआधी हे नकाशे कसे बनतात आणि आपल्या धरणांवर ते कुठे कमी पडतात, एवढं समजून घेतलेलं बरं.

मोबाईलवर तलाव निळा दिसतो. तो निळा रंग म्हणजे फक्त काठाची रेघ काढून आत भरलेला रंग आहे. ती रेघ कुठल्यातरी एका तारखेच्या पाण्याची. खाली दोन मीटर पाणी आहे की वीस, ते त्यात कुठेच नाही. तलाव लहान असेल आणि पाणी वर्षभर फारसं हलत नसेल, तर त्याने मोठा फरक पडत नाही. धरणात पडतो. भातसा धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी १४२.०७ मीटर असते आणि मुंबईसाठी पाणी घेता येईल अशी सगळ्यात खालची पातळी १०४.९० मीटर धरली आहे. म्हणजे ३७ मीटरचा फरक, बारा मजली इमारतीएवढा. दर वर्षी पाणी इतकं खाली जात नाही, पण वीस मीटर उतरलं तरी काठ कुठल्या कुठे सरकतो. तानसाचं तसं नाही. ते १८९२ साली बांधून झालेलं जुनं धरण, तिथे हा फरक १२८.६३ पासून ११८.८७ पर्यंत, म्हणजे दहा मीटरच्या आतला.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण खुणेला नाव देतात "खोली ९ मीटर". ही नोंद त्या दिवसापुरतीच खरी. त्याऐवजी तळाची उंची लिहायची. हिशेब सोपा आहे. समजा त्या दिवशी धरणाची पातळी १३१ मीटर आहे. दोरीला शिसं बांधून सोडलं, नऊ मीटरवर तळ लागला. १३१ मधून ९ वजा केले, तळ १२२ मीटरवर. खुणेला नाव द्या "तळ १२२". हा आकडा पाण्यासोबत बदलत नाही. पुढच्या वेळी पातळी १३८ असेल तर तिथे १६ मीटर पाणी आहे, हे घरी बसून कळतं. पातळी १२३ वर आली तर एकच मीटर उरलंय, तिथे मशीन लावलेली होडी नेऊ नका. १२१ झाली तर ती जागा कोरडी.

रोजची पातळी कुठे मिळते? मुंबई महापालिका सात तलावांचा रोजचा अहवाल काढते, त्यात दशलक्ष लिटर आणि टक्क्यांसोबत मीटरमधली पातळीही असते. बातम्यांमध्ये बहुतेक वेळा टक्केच छापतात, ते इथे उपयोगाचे नाहीत. टक्के पाण्याच्या साठ्याचे असतात, उंचीचे नसतात. निम्मा साठा म्हणजे निम्मी खोली असं होत नाही, कारण धरण वर पसरट आणि खाली अरुंद असतं. पाटबंधारे खात्याच्या रोजच्या अहवालातही पातळी असते. कुठलाही एक अहवाल धरा आणि तोच कायम वापरा.

गावच्या पाझर तलावाला असा अहवाल कोण काढणार? तिथे सांडव्याचा माथा शून्य धरा. पाणी सांडव्याच्या किती खाली आहे ते मोजा, त्यात दोरीने मोजलेली खोली मिळवा, म्हणजे तळ सांडव्याच्या किती खाली ते कळेल. दोरीला दर मीटरला गाठ मारली की झालं. वावेने मोजायची सवय असेल तर वाव धरा, फक्त मोजणारा माणूस एकच असू द्या. प्रत्येकाचे हात सारखे नसतात.

एक चूक हमखास होते. फोनमधलं जीपीएस ॲपही उंची दाखवतं, तर तीच धरणाची पातळी म्हणून का धरू नये? धरू नका. जीपीएस ज्या कल्पित पृष्ठभागावरून उंची मोजतो तो आणि खरी समुद्रसपाटी वेगळी आहे. आपल्या कोकण पट्टीत हा फरक साठेक मीटरचा आहे. काही ॲप तो दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत. त्यामुळे खाडीकाठी उभ्या माणसाच्या फोनवर उणे पन्नास, उणे साठ असा आकडा येतो आणि फोन बिघडला असं वाटतं. जागेसाठी जीपीएस, उंचीसाठी धरणाचा अहवाल. दोन्ही मिसळायचं नाही.

मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची जागा पाचेक मीटरपर्यंत बरोबर येते, उंच डोंगराच्या कुशीत चूक वाढते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, उपग्रहांचा सिग्नल सरळ फोनवर येतो. नव्या बऱ्याच फोनमध्ये आपल्या इस्रोचं नाविकही चालतं. नेटवर्क लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. म्हणून निघण्याआधी घरीच तेवढ्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा.

काठाची रेघच खोली सांगते

दोरी घेऊन अख्खं धरण मोजणं एका माणसाचं काम नाही. पण एक सोपी वाट आहे. पाण्याचा काठ सगळीकडे एकाच उंचीवर असतो. मग ज्या दिवशी पातळी १२० होती, त्या दिवशीचं उपग्रहाचं चित्र काढलं, तर त्यातली काठाची रेघ म्हणजे १२० मीटरची रेघ. जानेवारीच्या चित्रातून वरची रेघ मिळते, मार्चच्या चित्रातून मधली, मेच्या चित्रातून खालची. अशा पाच-सहा रेघा एकावर एक ठेवल्या की धरणाच्या तळाचा नकाशा तयार होतो. धरणात गाळ किती साचला ते पाहायला सरकारी संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून याच तत्त्वाने काम करतात.

ही चित्रं फुकट मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर तारीख टाकून बघता येतात, साधारण दर पाच दिवसांनी नवीन. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, म्हणून काठ दिसतो पण खुंट किंवा विहीर दिसत नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे बहुतेक चित्रं वाया जातात. गूगल अर्थमधली जुनी चित्रं जास्त स्पष्ट असतात, पण कुठल्या तारखेची मिळतील ते आपल्या हातात नसतं. तिथे उन्हाळ्यातलं चित्र सापडलं तर जपून ठेवा. बुडालेला जुना रस्ता, शेतांचे बांध आणि मूळ नदीचा नागमोडी पाट त्यात दिसू शकतो. मासे त्या जुन्या पाटाच्या कडेने फिरतात, हे जुने मच्छीमार नकाशाशिवायच सांगतात.

रेघ एकदम सपाट काठावर चांगली कळते. कडा सरळ खाली उतरत असेल तिथे सगळ्या रेघा एकमेकींना चिकटतात. अशा जागी दोरीच बरी.

विहिरी आणि खड्डे

याहून महत्त्वाचं काम मे महिन्यात पायी करायचं आहे. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या तळावरून फोन घेऊन फिरा. जुनी विहीर दिसली, खूण करा. झाडाचा खुंट, दगडी भिंत, लोखंडी खांब दिसला, खूण करा. खुंटात अडकून तंगूसचं जाळं फाटलं तर हजारो रुपयांचं नुकसान, पण विहिरीचा विषय जाळ्याचा नाही. पाणी पुन्हा वर चढतं तेव्हा बुडालेल्या विहिरीवर कमरेइतकं पाणी असतं आणि वरून सगळं सारखंच दिसतं. जाळं ओढत चालणारा माणूस एका पावलात खाली जातो.

गावतलावांमध्ये आता नवीन भर पडली आहे. २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत पोकलेन लावून गाळ काढला जातो. शेतीला गाळ चांगला, मी स्वतः शेतकरी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण काढलेल्या जागी सरळ कडांचे खोल खड्डे राहतात. ज्याने लहानपणापासून त्या तलावात पोहायला शिकलं, त्यालाही यंदाचा तळ माहीत नसतो. गाळ काढून झाल्यावर आणि पाऊस पडण्याआधी कोणीतरी त्या खड्ड्यांच्या कडेने ॲपमध्ये ट्रॅक चालू ठेवून एक फेरी मारली, तर ती रेघ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता येते. अर्ध्या तासाचं काम आहे.

खूण पाठवताना आकडे नीट पाठवा. भिवंडी शहर साधारण १९.३० अंश उत्तरेला आहे. हे दशांशातले अंश आहेत, मिनिटांत लिहिले तर १९ अंश १८ मिनिटं होतात. समोरच्याने १९ अंश ३० मिनिटं असं वाचलं तर खूण बावीस किलोमीटर उत्तरेला, वज्रेश्वरीच्या पट्ट्यात जाते. अपघाताच्या वेळी ११२ वर फोन लावून जागा सांगताना ही चूक महागात पडेल. टिंबानंतरचे पाच आकडे पाठवा. दोनच पाठवले तर किलोमीटरभर फरक पडू शकतो.

मशीन घ्यायचं असेल तर

फिश फाइंडर दोन वेगळी कामं करतो. जागा उपग्रहावरून कळते, खोली आवाजावरून. होडीखाली लावलेला सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, तो तळाला आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर जातो, त्यामुळे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आवाज परत आला तर तळ पंधरा मीटरवर. इथपर्यंत मशीन कुठेही चालतं.

नकाशाचं मात्र तसं नाही. या कंपन्यांचे तलावांचे नकाशे मुख्यतः अमेरिका, युरोपसाठी बनलेले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सरकारी खातंच हजारो तलावांचे खोलीचे नकाशे लोकांना फुकट देतं. आपल्याकडे दुकानदार "इंडिया मॅप आहे" म्हणतो तेव्हा तो समुद्रकिनाऱ्याचा किंवा रस्त्यांचाही असू शकतो. पैसे देण्याआधी त्याला स्क्रीनवर भातसा उघडायला सांगा आणि आत खोलीच्या रेघा दिसतात का ते बघा. नुसता निळा रंग असेल तर तो तुमच्या मोबाईलवर फुकटात आहे.

गार्मिनच्या काही मशीनमध्ये क्विकड्रॉ, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट लाइव्ह अशी सोय असते. होडी फिरेल तसतसा मशीन स्वतःच खोलीचा नकाशा काढत जातं. आपल्यासाठी कामाची सोय हीच. पण त्यातही पाण्याची पातळी भरायची जागा शोधा. ती न भरता सप्टेंबरचा अर्धा आणि मार्चचा अर्धा नकाशा एकत्र केला, तर दोन्ही बिघडतात. एकट्याला मशीन परवडत नसेल तर मच्छीमार संस्थेने एक घेऊन आळीपाळीने वापरावं, असं मला वाटतं. नकाशा सगळ्यांनी मिळून काढला तर लवकर होतो.

काल्हेर, कशेळी, कोनच्या खाडीत यातलं निम्मंच लागू पडतं. तिथे पाणी वर्षात नाही, दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, म्हणून धरणाच्या पातळीऐवजी भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागतं. शिवाय रेती उपशाने तळच बदलतो. खाडीतली वर्षभर जुनी खोलीची खूण मी तरी वापरणार नाही.

नकाशा हातात आला म्हणजे मासे धरायचा परवाना मिळाला असं नाही. धरणातली मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असते आणि तानसाच्या भोवती अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय जाल तर वनखातं पकडेल.

शेवटी परतीचं. अंधारात किंवा धुक्यात काठ दिसत नाही तेव्हा आलेल्या ट्रॅकवरून परत जाण्याची सोय चांगली आहे, पण ट्रॅक त्याच दिवशीचा हवा. दिवाळीत ज्या वाटेने होडी आरामात गेली, तीच वाट मार्चमध्ये खुंटांवरून जाते. म्हणून ट्रॅकच्या नावातही तारखेसोबत पातळी लिहा, आणि आजची पातळी त्यापेक्षा खाली असेल तर तो ट्रॅक उघडू नका.