तार कुंपण करताय? आधी तार मोजा, मग दर बोला



उसाचं बिल खात्यावर जमा झालं, रान मोकळं झालं की गावात कुंपणवाले फिरायला लागतात. "फुटाला एवढ्यात करून देतो" म्हणून दर सांगतात आणि सगळ्यात कमी सांगणाऱ्याला काम जातं. पण लोखंड, सिमेंट आणि मजुरी सगळ्यांना साधारण सारख्याच भावात पडते. एखाद्याचा दर फारच कमी असेल तर त्यानं कुठंतरी माल कमी धरलेला असतो. तो तीन ठिकाणी कमी होतो: तारेत, खांबात आणि खड्ड्यात. ही तिन्ही आपल्याला स्वतः तपासता येतात.

*कुंपण कशासाठी, ते आधी ठरवा*
रानडुक्कर, मोकाट जनावरं, कुत्री यांना चेनलिंक जाळी चांगली अडवते. वानर तिच्यावरून चढून येतं. राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडचा गवा किंवा आजरा-चंदगडकडचा हत्ती यांच्यापुढं ती टिकत नाही. तिथं नुसत्या जाळीवर पैसा घालण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात सौर कुंपणाची आणि त्याच्या अनुदानाची चौकशी करा. घरची लाईट तारेत सोडायचा विचारही नको. त्यात माणसं मरतात आणि गुन्हा दाखल होतो.

शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या पूरपट्ट्यातल्या सभासदांनी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवावा. पुरात जाळीला पाला, जलपर्णी अडकते, मग ती भिंतीसारखं पाणी अडवते आणि खांबासकट आडवी होते. अशा रानात काटेरी तारेचे पदर जास्त बरे.

*१) तार*
गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेज म्हणजे ३.२५ मिमी, १२ गेज २.६४ मिमी, १४ गेज २.०३ मिमी. १२ च्या जागी १४ गेज आली तर लोखंड जवळपास ४० टक्के कमी येतं, पण लांबून बघून फरक कळत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाला जाणारं पोरगं गावात असतंच. त्याच्याकडून व्हर्नियर मागा आणि चार ठिकाणी तार मोजा.

त्याहून सोपं म्हणजे रोल काट्यावर घाला. ५ फूट उंच, ५० फूट लांब, ३ इंची जाळीचं वजन हिशेबानं असं येतं:
▪️ १० गेज: ४२ ते ४४ किलो
▪️ १२ गेज: २७ ते २९ किलो
▪️ १४ गेज: १६ ते १८ किलो

१२ गेज सांगून रोल २० किलोचा भरला, तर काय ते समजून जा. जाळीचं भोकही मोजा. ३ इंच हे समोरासमोरच्या दोन तारांमधलं अंतर असतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं नाही. भोकं लांबट दिसली तर ५० फूट भरवायला जाळी जादा ताणली आहे.

आपल्या पश्चिम भागातल्या पावसात तार टिकते ती जस्ताच्या मुलाम्यावर. हॉट डिप जी.आय. तारच मागा. तारेचा तुकडा तेवढ्याच जाड खिळ्याभोवती घट्ट गुंडाळून बघा. मुलाम्याचे पापुद्रे निघाले तर ती तार नको. जाळीसाठी आयएस २७२१ हे भारतीय मानक आहे. बिलावर गेज, भोक, उंची आणि हे मानक लिहून मागा.

*२) खांब*
लोखंडी अँगल असेल तर ४० × ४० × ५ मिमीचा अँगल मीटरला ३ किलो भरतो, म्हणजे ८ फुटी खांब सव्वासात किलोच्या आसपास. तोही वजनावर तपासा. सिमेंटचा खांब घेताना तडे बघा आणि आत किती सळ्या आहेत ते विचारा. नुकताच ओतलेला, नीट पाणी न मारलेला खांब गाडीतून उतरतानाच मोडतो. दोन खांबांत ८ ते १० फूट अंतर ठेवा. कोपऱ्यांना, गेटच्या दोन्ही बाजूंना आणि साधारण दर दहाव्या खांबाला तिरका टेका हवाच. टेका नसला की ताण बसल्यावर कोपऱ्याचा खांब आत झुकतो आणि सगळी जाळी ढिली पडते.

*३) खड्डा*
हे जमिनीखालचं काम, म्हणून इथंच जास्त चोरी होते. खड्डा दोन फूट खोल पाहिजे. काळं रान उन्हात भेगाळतं आणि पावसात फुगतं, त्यामुळे तिथं प्रत्येक खांबाला काँक्रीट घाला. खड्डे काढून झाले की फूटपट्टी घालून बघा आणि मगच काँक्रीट ओतू द्या. काँक्रीट ओतल्यावर किमान आठवडाभर जाळी ताणू नका. जाळीतून वर, मध्ये आणि खाली अशा ताणाच्या तीन तारा ओवून घ्या. डुक्कर खालून उकरतं, म्हणून जाळीचा खालचा भाग अर्धा फूट मातीत गाडा किंवा जमिनीलगत काटेरी तारेचा एक पदर ओढा.

*ठेकेदार कसा निवडायचा?*
✅ त्यानं केलेली, दोन पावसाळे काढलेली दोन कुंपणं जाऊन बघा. कोपऱ्याचा खांब हलवून बघा आणि मालकाशी बोला.
✅ दर फुटावर आहे, चौरस फुटावर की किलोवर, ते आधी स्पष्ट करा. जाळी, खांब, काँक्रीट, गेट, मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. कागदावर दोघांच्या सह्या हव्यात.
✅ सगळा पैसा आगाऊ नको. थोडी उचल, माल रानात येऊन वजन झाल्यावर दुसरा हप्ता, खांब उभे राहिल्यावर तिसरा. शेवटचा हप्ता टेपनं लांबी मोजून झाल्यावरच द्या.
✅ पक्कं बिल घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं.

*बांध आणि वाट*
हद्दीचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, शेजाऱ्याला समोर उभं करा, मगच खड्डे काढा. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. मग कुंपणही जातं आणि खर्चही.

*मिळून केलं तर निम्म्यात*
एक एकर चौकोनी रानाला साधारण ८३५ फूट कुंपण लागतं. चार शेजाऱ्यांनी वेगवेगळं केलं तर ३,३४० फूट. तेच चार एकर एकत्र चौकोनात घेतलं तर १,६७० फूट, म्हणजे बरोबर निम्मं. वाचलेल्या पैशात १४ ऐवजी १२ गेज तार बसते आणि काँक्रीटलाही हात आखडता घ्यावा लागत नाही. ज्यांची रानं लागून आहेत त्यांनी आपसात बोलून गटप्रमुखाकडे नावं द्यावीत. एकत्र मागणी असली की दरही नीट बोलता येतो.

हा मेसेज जपून ठेवा. ठेकेदार दर सांगायला आला की उघडा आणि पहिला प्रश्न विचारा: "रोल किती किलोचा?"

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी