रहस्य लपवा, वही नको!

दुपारचं मागचं आवरलं, की मी वही काढते. घरात सगळ्यांना वाटतं, मुलांचे निबंध तपासतेय! खरं तर त्या वेळी माझी नायिका नवऱ्याच्या कपाटात दुसऱ्याच बाईची पत्रं सापडल्याने हादरलेली असते.

प्रेम आणि रहस्य यांची सांगड घालणाऱ्या कथेची मेख एकच : ज्याच्यावर जीव जडला, त्याच्यावरच संशय. डॅफ्ने ड्यू मॉरिए यांची १९३८ सालची ‘रेबेका’ पाहा. नवी नवरी मोठ्या घरात येते. पहिली बायको हयात नाही, पण घरभर तिचाच वावर! १९६४चा ‘कोहरा’ हा चित्रपट याच कादंबरीवर बेतलेला. या बाईंनीसुद्धा लिहिलेले पहिले पंधरा हजार शब्द फाडून टाकले होते. मग आपण का खचावं?

माझ्या दोन कथा ‘साभार परत’ आल्या. तेव्हा शाळेतल्या दोघी लिहित्या मैत्रिणींना भीतभीतच वही दिली. एक म्हणाली, “अगं, खुनी कोण ते तू दुसऱ्याच पानावर सांगून टाकलंस!” रडूच आलं, पण खरं होतं ते. आता दर शनिवारी आम्ही तिघी जमतो. एकीने वाचायचं, शंका आली की दोघींनी थांबवायचं. नुसतं ‘छान आहे’ म्हणायला बंदी!

परवा वही सासूबाईंच्या हाती लागली. माझ्या पोटात गोळाच आला. चष्मा काढून त्या म्हणाल्या, “पुढं काय झालं गं?”

मैत्रिणींनो, तुमचीही वही गादीखाली असेल, तर आजच बाहेर काढा.